मलेरियाचा परजीवी तांबड्या पेशीत कोणत्या रिसेप्टरच्या आधाराने शिरतो, हे शोधायचे कसे

मेरोझोइट, म्हणजे परजीवीचे तांबड्या पेशीत शिरणारे रूप, पेशीला टेकल्यापासून आत जाईपर्यंत सगळा खेळ मिनिट-दीड मिनिटात आटोपतो. तेवढ्या वेळात परजीवीची अनेक प्रथिने पेशीच्या पृष्ठभागावर काही ना काही धरतात. यातले कोणते धरणे प्रवेशासाठी लागते आणि कोणते नुसतेच घडते, हे वेगळे काढणे म्हणजे रिसेप्टर, म्हणजे पेशीवरचे ते आधाराचे प्रथिन, शोधणे. नवख्या प्रयोगशाळा इथेच फसतात. दोन प्रथिने एकमेकांना चिकटलेली दिसली की रिसेप्टर सापडल्याचे जाहीर होते.

एमट्रॅप आणि सेमाफोरिन ७ए ही जोडी पाहा. प्लाझमोडियम फॅल्सिपेरम या मलेरियाच्या परजीवीचे एमट्रॅप हे प्रथिन तांबड्या पेशीवरच्या सेमाफोरिन ७ए या प्रथिनाला धरते, हे २०१२ मध्ये नीट दाखवले गेले आणि तो बंध खरा आहे. पण २०१६ मध्ये एमट्रॅपचे जनुक काढून टाकलेले परजीवी तयार झाले, तेव्हा ते तांबड्या पेशींत बिनघोर शिरत राहिले. अडले ते गॅमीट (लैंगिक) अवस्थेत, पेशीतून बाहेर पडताना. बंध खरा होता, पण रक्तातल्या प्रवेशाला तो लागत नव्हता.

म्हणून तीन पुरावे मागायचे: परजीवीचे प्रथिन आणि पेशीचे प्रथिन यांचा थेट बंध, ते पेशीप्रथिन काढल्यावर किंवा झाकल्यावर प्रवेश थांबणे, आणि ते परत दिल्यावर प्रवेश पुन्हा सुरू होणे. तिसरा पुरावा सर्वांत महाग आहे आणि सर्वांत जास्त वेळा तोच टाळला जातो.

नावांचा एक घोळ आधीच मिटवू. खाली येणारी आरएच४, आरएच५ ही परजीवीची प्रथिने आहेत. रक्तगटातल्या आरएचशी त्यांचा काही संबंध नाही.

परजीवीचा वाण आणि रक्त

फॅल्सिपेरमकडे प्रवेशाच्या एकाहून अधिक वाटा आहेत आणि प्रत्येक वाणाचा कल वेगळा असतो. ३डी७ हा वाण सायॅलिक आम्लाशिवायही (पेशीच्या पृष्ठभागावरच्या एका साखरेशिवायही) आत जातो. डब्ल्यू२मेफ आणि डीडी२ हे मुख्यतः सायॅलिक आम्लावर, म्हणजे ती साखर वाहणाऱ्या ग्लायकोफोरिन प्रथिनांवर, अवलंबून असतात. एकाच वाणावर काम केले तर त्या वाणाची सवय सगळ्या परजीवींचा नियम म्हणून लिहिली जाते. निदान एक अवलंबून आणि एक स्वतंत्र असे दोन वाण शेजारी शेजारी चालवा.

हे कल कायमचे नसतात. डब्ल्यू२मेफला न्यूरामिनिडेझ (सायॅलिक आम्ल छाटणारे एन्झाइम) दिलेल्या पेशींवर वाढवत ठेवले की आरएच४ची पातळी वाढवून तो सायॅलिक आम्लाविना शिरायला लागतो. त्यामुळे महिनोन्‌महिने चालू असलेल्या कल्चरवर विसंबू नका. ठरावीक अंतराने गोठवलेल्या साठ्यातून नवी नळी उघडा आणि वाण तोच आहे याची जनुकीय तपासणी करून घ्या. मायकोप्लाझ्माची तपासणीही त्याच वेळी उरका.

माध्यम नेहमीचेच: आरपीएमआय १६४०, २५ मिलिमोलर हेपेस, लिटरला २ ग्रॅम सोडियम बायकार्बोनेट, ५० मिग्रॅ हायपोझँथिन, ५ ग्रॅम अल्ब्युमॅक्स २ आणि २० ते २५ मिग्रॅ जेंटामायसिन. हेमॅटोक्रिट (द्रावातले तांबड्या पेशींचे प्रमाण) २ ते ४ टक्के, ३७ अंश सेल्सिअस, वायुमिश्रणात ५ टक्के कार्बन डायऑक्साइड आणि १ ते ५ टक्के ऑक्सिजन, बाकी नायट्रोजन.

रक्त तपासलेले आणि नैतिक परवानगी घेऊन मिळवलेले असावे. काम जैवसुरक्षा पातळी २च्या नियमांनी, सुई न वापरता करावे. रक्त आले की पांढऱ्या पेशी काढून टाका, बफी कोट (सेंट्रिफ्यूज केल्यावर वर येणारा पांढऱ्या पेशींचा थर) खेचून आणि त्यानंतर ल्युकोसाइट फिल्टरमधून गाळून. यात हयगय नको. पांढऱ्या पेशींवर बॅसिजिन, सीडी४४, सीडी५५ ही तांबड्या पेशीवरही असणारी प्रथिने मुबलक असतात, त्यामुळे लायसेटवर (फोडलेल्या पेशींच्या द्रावावर) केलेल्या कोणत्याही मापनात त्या खोटा संकेत देतात. त्यांच्यात डीएनएही असतो, म्हणून फ्लो सायटोमीटरवर (एकेक पेशीचा रंग मोजणाऱ्या यंत्रावर) त्या संसर्गित पेशींचे सोंग घेतात. रक्त दोन आठवड्यांच्या आतले वापरा. एका प्रयोगातल्या सगळ्या लक्ष्यपेशी एकाच रक्तदात्याच्या असू द्या आणि पुनरावृत्ती मात्र वेगवेगळ्या दात्यांवर करा. कॉम्प्लिमेंट रिसेप्टर १ या पृष्ठभागावरच्या प्रथिनाची संख्या माणसागणिक कित्येक पट बदलते आणि पेशी जुनी होत जाते तशी घटतेही.

एन्झाइमची चाळणी

पेशीच्या पृष्ठभागावरचे ठरावीक गट एन्झाइमने छाटायचे आणि परजीवी त्या पेशीत शिरतो का ते पाहायचे. पद्धत जुनी, स्वस्त आणि आजही पहिल्याच आठवड्यात करून टाकावी अशी आहे. नेहमीची तीन एन्झाइमे म्हणजे व्हिब्रिओ कॉलरी या जिवाणूचे न्यूरामिनिडेझ, आणि प्रथिने कापणारी दोन एन्झाइमे (प्रोटिएझ), ट्रिप्सिन व कायमोट्रिप्सिन.

पेशी सीरमविरहित आरपीएमआयने तीन वेळा धुवा. माध्यमातले सीरम किंवा अल्ब्युमॅक्स उरले तर प्रोटिएझ आधी तेच खात बसते, आणि सीरममध्ये तर त्याचे विरोधकही असतात. १०० मायक्रोलिटर घट्ट पेशींना १ मिलि एन्झाइमचे द्रावण द्या: न्यूरामिनिडेझ ६६.७ मिलियुनिट प्रति मिलि, ट्रिप्सिन १ मिग्रॅ प्रति मिलि, कायमोट्रिप्सिन १ मिग्रॅ प्रति मिलि. ३७ अंशांवर एक तास, हळू फिरवत. नंतर ट्रिप्सिनला ०.५ मिग्रॅ प्रति मिलि सोयाबीन ट्रिप्सिन इनहिबिटर दहा मिनिटे. शेवटी सगळ्याच नळ्या पूर्ण माध्यमाने तीनदा धुवा. एन्झाइमाशिवाय हीच सगळी धावपळ केलेली नळी कंट्रोल म्हणून ठेवायची. बाटलीतून थेट घेतलेली पेशी हा या प्रयोगाचा कंट्रोल नव्हे.

ट्रिप्सिन टीपीसीके दिलेले आणि कायमोट्रिप्सिन टीएलसीके दिलेले विकत घ्या. ही दोन्ही रोधक रसायने आहेत. पहिल्यात कायमोट्रिप्सिनची भेसळ मारलेली असते आणि दुसऱ्यात ट्रिप्सिनची. साधी पावडर वापरली तर दोन्ही एन्झाइमांचे निकाल सारखेच येऊ लागतात आणि या चाळणीचा सगळा अर्थ दोघांतल्या फरकातच आहे. न्यूरामिनिडेझला कॅल्शियम लागते. फॉस्फेट बफर किंवा कॅल्शियम बांधून ठेवणारे ईडीटीए असलेल्या द्रावणात ते अर्धवट चालते, त्यामुळे आरपीएमआय किंवा कॅल्शियम घातलेले हेपेस सलाइन घ्यावे.

एन्झाइमने काम केले की नाही हे परजीवीला विचारू नका, वेगळे तपासा. न्यूरामिनिडेझनंतर शेंगदाण्याचे लेक्टिन (साखरेला चिकटणारे प्रथिन) पेशीला जोरात चिकटले पाहिजे, कारण सायॅलिक आम्लाखाली झाकलेली साखर उघडी पडते. ट्रिप्सिननंतर ग्लायकोफोरिन एच्या बाहेरच्या टोकाची अँटिबॉडी लागेनाशी झाली पाहिजे.

आता निकाल वाचणे. ग्लायकोफोरिन ए आणि सी न्यूरामिनिडेझ व ट्रिप्सिनने जातात, कायमोट्रिप्सिनला टिकतात. ग्लायकोफोरिन बी न्यूरामिनिडेझ व कायमोट्रिप्सिनने जाते, ट्रिप्सिनला टिकते. कॉम्प्लिमेंट रिसेप्टर १ न्यूरामिनिडेझला दाद देत नाही, पण दोन्ही प्रोटिएझ त्याला कापतात. डफी अँटिजेन (डफी रक्तगटाचे प्रथिन) आणि सीडी५५ ट्रिप्सिनला टिकतात, कायमोट्रिप्सिनने जातात. बॅसिजिन या तिघांपैकी कोणालाच जुमानत नाही.

हे शेवटचे वाक्य महत्त्वाचे आहे. आरएच५ आणि बॅसिजिन ही जोडी आजवर तपासलेल्या सर्व फॅल्सिपेरम वाणांना लागते, आणि नेमकी तीच या चाळणीतून निसटते. एन्झाइम ज्या वाटेला परजीवीकडे पर्याय आहे ती वाट दाखवते. ज्या वाटेला पर्यायच नाही ती दाखवेलच असे नाही. म्हणून एन्झाइमचा तक्ता उमेदवार निवडायला वापरा, निष्कर्ष काढायला नको.

मोजणी: दोन रंग

कल्चर समकालीन केल्याशिवाय, म्हणजे सगळे परजीवी एकाच वयाचे केल्याशिवाय, मोजणी सुरू करू नका. ५ टक्के सॉर्बिटॉल ३७ अंशांवर दहा मिनिटे दिले की उशिराच्या अवस्था फुटतात आणि रिंगा (पेशीत नुकत्याच शिरलेल्या कोवळ्या अवस्था) उरतात. पुढच्या चक्रात ते पुन्हा करा. शायझॉन्ट (फुटून मेरोझोइट सोडणारी पिकलेली अवस्था) वेगळे करायला परकॉल द्रावणाची घनता-पायरी किंवा चुंबकी स्तंभ, दोन्ही चालतात. चुंबक हिमोझोइनमुळे (परजीवीत साठणाऱ्या लोहयुक्त रंगद्रव्यामुळे) काम करतो, त्यामुळे कोवळ्या अवस्था त्याच्या हाती लागत नाहीत.

मूळ अडचण अशी की परजीवीसोबत त्याच्या जुन्या, एन्झाइम न लागलेल्या तांबड्या पेशीही वेलमध्ये (प्लेटच्या खळग्यात) येतात, आणि परजीवी अर्थातच त्यांत आनंदाने शिरतो. साध्या स्लाइडवर हे दोन गट वेगळे दिसत नाहीत. उपाय म्हणजे लक्ष्यपेशींना रंग देणे. डीडीएओ-एसई हा रंग १० मायक्रोमोलर, १ ते २ टक्के हेमॅटोक्रिट, ३७ अंशांवर दोन तास, मग पूर्ण माध्यमात अर्धा तास ठेवून धुणे. एन्झाइम आधी, रंग नंतर. हा रंग लायसिनला जोडला जातो आणि ट्रिप्सिन लायसिनपाशीही कापते, त्यामुळे क्रम उलटा केला तर कापण्याच्या जागा झाकल्या जाण्याची शक्यता राहते.

९६ वेलच्या प्लेटमध्ये ५० मायक्रोलिटर शायझॉन्ट असलेले कल्चर, पॅरासिटिमिया (संसर्गित पेशींचे प्रमाण) २ टक्के, आणि ५० मायक्रोलिटर रंगीत लक्ष्यपेशी, दोन्हीकडे हेमॅटोक्रिट २ टक्के. शायझॉन्ट फुटून नव्या रिंगा तयार झाल्या की डीएनएचा रंग द्या. सायबर ग्रीन १ असेल तर पाच हजारात एक, ३७ अंशांवर तासभर. फ्लो सायटोमीटरवर फक्त डीडीएओचा रंग लागलेल्या पेशी निवडा आणि त्यांतल्या किती डीएनए दाखवतात ते मोजा. प्रत्येक वेलमागे पन्नास हजार रंगीत पेशी मोजल्या तर कमी पॅरासिटिमियाचेही आकडे स्थिर राहतात.

समजा, कंट्रोल पेशींत ४.२ टक्के संसर्ग, ट्रिप्सिन दिलेल्यांत १.२ टक्के आणि परजीवी न घातलेल्या रंगीत पेशींत ०.२ टक्के पार्श्वभूमी. पार्श्वभूमी दोन्हींतून वजा करा: १ भागिले ४, म्हणजे २५ टक्के प्रवेश. पार्श्वभूमी वजा करायची राहिली तर पूर्ण थांबलेला प्रवेशही पाच टक्के उरल्यासारखा दिसतो, आणि त्या पाच टक्क्यांसाठी कोणीतरी पर्यायी रिसेप्टर शोधत बसते.

मोजणी रिंग अवस्थेतच करा, शायझॉन्ट घातल्यापासून बारा ते चोवीस तासांत. उशीर झाला की प्रवेश अडला की आतली वाढ खुंटली, हे सांगता येत नाही. पूर्ण प्रतिबंधाचा कंट्रोल म्हणून एका वेलमध्ये प्रवेश अडवणारे हेपरिन घाला. एन्झाइमने पेशी फुटत असतील तर वरच्या द्रावात लाली दिसते. अशी प्लेट मोजण्यात वेळ घालवू नका.

कोण कोणाला धरते

उमेदवार मिळवण्याचा पारंपरिक मार्ग म्हणजे परजीवीच्या कल्चरचा वरचा द्राव तांबड्या पेशींशी मिसळणे, पेशी तेलाच्या थरातून सेंट्रिफ्यूज करून वेगळ्या करणे आणि चिकटलेले प्रथिन १.५ मोलर मीठद्रावणाने सोडवून वेस्टर्न ब्लॉटवर पाहणे. परजीवीच्या ईबीए-१७५ या प्रथिनाचे ग्लायकोफोरिन एशी असलेले नाते याच धर्तीच्या कामातून पुढे आले. ज्या रक्तगटांत एखादे प्रथिन मुळातच नसते अशा दुर्मीळ पेशींवर हीच चाचणी केली की उत्तर चटकन धारदार होते. ग्लायकोफोरिन ए नसलेल्या ईएन(ए−), बी नसलेल्या एस−एस−यू−, सी नसलेल्या लीच, सीडी५५ नसलेल्या इनाब आणि डफी नसलेल्या एफवाय(ए−बी−) पेशी रक्तपेढ्यांच्या संदर्भ प्रयोगशाळांत गोठवलेल्या मिळू शकतात. गोठवून वितळवलेल्या पेशींचा कंट्रोलही तसाच गोठवून वितळवलेला असावा.

मात्र ही पद्धत घट्ट बंधांपुरतीच. पृष्ठभागावरचे बंध बहुधा दुबळे असतात. आरएच५ आणि एकट्या बॅसिजिनच्या बंधाचा वियोगस्थिरांक (हा आकडा जितका मोठा तितका बंध दुबळा) सुमारे १ मायक्रोमोलर आहे. एवढा बंध धुताना सुटतो. त्यावर उपाय म्हणून एव्हेक्सिस ही पद्धत आली आणि २०११ मध्ये बॅसिजिन सापडले ते याच पद्धतीने.

एव्हेक्सिसमध्ये पेशीच्या प्रत्येक उमेदवार प्रथिनाचा बाहेरचा भाग एचईके२९३ या मानवी पेशींत तयार करून त्याला एक बायोटिन जोडतात आणि बायोटिनला घट्ट धरणाऱ्या स्ट्रेप्टॅव्हिडिनच्या प्लेटवर बसवतात. हे आमिष. परजीवीचे प्रथिन पाचाच्या जुडग्यात तयार करतात. त्यासाठी त्याला कूर्चेतल्या सीओएमपी या प्रथिनाचा तुकडा जोडलेला असतो आणि सोबत बीटा-लॅक्टमेझ हे एन्झाइम. हे सावज. एकेकटा बंध क्षणात सुटला तरी पाच हात एकाच वेळी सुटत नाहीत, त्यामुळे दुबळा बंधही धुण्यातून वाचतो. शेवटी १२५ मायक्रोग्रॅम प्रति मिलि नायट्रोसेफिन (त्या एन्झाइमाने रंग बदलणारे रसायन), वेलमागे ६० मायक्रोलिटर. पिवळ्याचे लाल झाले की बंध आहे. ४८५ नॅनोमीटरवर वाचा.

ही चाचणी बिघडते ती मुख्यतः प्रथिने तयार करताना. परजीवीच्या जनुकांत डीएनएच्या ए आणि टी या अक्षरांचे प्रमाण ८० टक्क्यांच्या आसपास असते, त्यामुळे मानवी पेशींसाठी कोडॉन (अमिनो आम्लांचे जनुकीय संकेत) बदललेले जनुक संश्लेषित करून घ्यावे लागते. मानवी पेशी या प्रथिनांवर अशा ठिकाणी साखर जोडतात जिथे परजीवी ती जोडत नाही. म्हणून एन-ग्लायकोसिलेशनच्या (अशी साखर जोडली जाण्याच्या) जागांवरचे सेरीन किंवा थ्रिओनीन अॅलॅनीनमध्ये बदलून घ्या. हे विसरले तर बंधाची जागा साखरेखाली झाकली जाऊ शकते. आमिषाच्या द्रावातले मोकळे बायोटिन डायलिसिसने पूर्ण काढा. ते राहिले तर प्लेट त्यानेच भरते आणि सगळी वेल पिवळीच राहतात. हा सर्वाधिक वेळा घडणारा बिघाड आहे आणि बाहेरून तो ‘बंध नाही’ या निकालासारखाच दिसतो. आमिष प्लेटवर बसले का, हे त्याला जोडलेल्या टॅगच्या अँटिबॉडीने आधी पाहा. सावजाचे प्रमाण एन्झाइमच्या गतीवरून सर्वांना सारखे करा. उंदराचे सीडी२०० आणि त्याचा रिसेप्टर यांच्यासारखी माहीत असलेली जोडी प्रत्येक प्लेटवर ठेवा. संकेत आला तर आमिष आणि सावज यांची अदलाबदल करून पुन्हा करा.

या पद्धतीलाही भिंत आहे. पडद्यातून अनेकदा आरपार जाणारी प्रथिने, उदाहरणार्थ सात वेळा जाणारे डफी अँटिजेन, सुट्या तुकड्यात जशीच्या तशी तयार होत नाहीत. ग्लायकोफोरिनांचा बंध त्यांच्यावरच्या सायॅलिक साखरेवर बेतलेला असतो आणि ती साखर तांबड्या पेशीसारखी हवी. बॅसिजिनही खऱ्या पेशीत एकटे नसते. ते एमसीटी१ आणि पीएमसीए या वाहक प्रथिनांसोबत जोडीने बसलेले असते आणि आरएच५ त्या जोड्यांना एकट्या बॅसिजिनपेक्षा अधिक घट्ट धरते, असे २०२३ मध्ये दिसून आले. म्हणजे प्लेटवरचा दुबळा आकडा पेशीवरही दुबळाच असेल असे नाही.

बंध बसण्या-सुटण्याचा वेग थेट मोजणाऱ्या सरफेस प्लाझ्मॉन रेझोनन्सवर तपासण्याआधी प्रथिन जेल फिल्ट्रेशनमधून (आकारानुसार वेगळे करणाऱ्या स्तंभातून) त्याच दिवशी काढा. थोडेसे गोळे झालेले प्रथिनही पटकन बसते आणि सुटत नाही, मग कागदावर नॅनोमोलर बंध उमटतो. खऱ्या दुबळ्या बंधाचा आलेख चौकोनी असतो. वक्र हळूहळू उतरत असेल तर आधी गोळ्यांचा संशय घ्या.

झाकून पाहणे

अँटिबॉडीने रिसेप्टर झाकणे सोपे असल्याने सगळे तेच आधी करतात. अँटिबॉडी डायलिसिस करून वापरा, कारण बाटलीतले सोडियम अॅझाइड परजीवीला स्वतःच मारते. त्याच आयसोटाइपची (प्रकाराची) असंबद्ध अँटिबॉडी शेजारी ठेवा आणि एका मात्रेवर न थांबता दुप्पट-दुप्पट विरलतेची मालिका लावा. बॅसिजिनसाठी एमईएम-एम६/६ ही अँटिबॉडी १० मायक्रोग्रॅम प्रति मिलिच्या आसपास प्रवेश थांबवते. ती चाचणीचा कंट्रोल म्हणून उपयोगी पडते.

पूर्ण अँटिबॉडीला दोन हात असतात. ती पेशी एकमेकींना जोडून गोळे करते किंवा पडद्यातली प्रथिने ओढून पडदा ताठ करते. ग्लायकोफोरिन एच्या पेशीवर दहा लाखांच्या आसपास प्रती असतात. तिथे अँटिबॉडी बसली की शेजारचे सगळेच झाकले जाते. त्यामुळे अँटिबॉडीच्या एकहाती फॅब तुकड्यानेही तोच परिणाम दिसला पाहिजे. दुसरा चांगला मार्ग म्हणजे रिसेप्टरचा विरघळणारा तुकडा माध्यमात घालणे, जेणेकरून परजीवीचे प्रथिन त्यालाच धरून बसते. आरएच४ आणि कॉम्प्लिमेंट रिसेप्टर १चे नाते २०१० मध्ये दाखवताना विरघळणारा रिसेप्टर असाच उपयोगी पडला. इथे पेशीचा पडदा अस्पर्श राहतो, म्हणून हा पुरावा अँटिबॉडीपेक्षा स्वच्छ असतो. दुबळ्या बंधाला अशा तुकड्याची मात्रा मात्र भरपूर लागते.

काढून पाहणे आणि परत देणे

तांबड्या पेशीत केंद्रक नसते, त्यामुळे जनुक तिच्या पूर्वज पेशीत काढावे लागते. सीडी३४ असलेल्या मूळपेशींत लेंटिव्हायरसने (जनुके पेशीत नेणाऱ्या विषाणूने) जनुक दाबून त्यांना तीनेक आठवड्यांत तांबड्या पेशींपर्यंत वाढवता येते. सीडी५५चे महत्त्व २०१५ मध्ये अशा छाननीतूनच समोर आले. दुसरा मार्ग बीईएल-ए ही अमर केलेली एरिथ्रॉइड (तांबड्या पेशी बनवणारी) पेशीमालिका. तिच्यात क्रिस्पर या जनुक कापण्याच्या तंत्राने बॅसिजिन काढले की फॅल्सिपेरम शिरत नाही आणि जनुक परत घातले की पुन्हा शिरतो. वर सांगितलेला तिसरा पुरावा हाच.

परत द्यायचे जनुक क्रिस्परच्या मार्गदर्शकाला ओळखू येणार नाही असे लिहा: अमिनो आम्ले तीच, कोडॉन वेगळे. सोबत बंध तोडणारा एखाद्या अमिनो आम्लाचा बदल केलेली आवृत्तीही द्या. मूळ आवृत्तीने प्रवेश परत आला आणि बदललेल्याने आला नाही, तर शंकेला जागा उरत नाही.

अशा पेशी थोड्या मिळतात. वेलमागे काही लाख पेशी घेऊन शुद्ध केलेले शायझॉन्ट घाला, म्हणजे जुन्या तांबड्या पेशी सोबत येणार नाहीत. या पेशी रेटिक्युलोसाइट (कोवळ्या तांबड्या पेशी) असल्याने त्यांत आरएनए असतो आणि सायबर ग्रीन त्यालाही रंगवते. इथे हेक्स्ट ३३३४२ हा डीएनएचा रंग वापरा आणि केंद्रक न टाकलेल्या पेशी गाळून काढा. शंका वाटली तर गिम्सा स्लाइडवर डोळ्यांनी मोजा. कंटाळवाणे असले तरी फसवत नाही.

जनुक दाबताना नव्वद टक्के घट झाली म्हणून समाधान मानू नका. ज्या प्रथिनाच्या थोड्याच प्रती पुरतात तिथे उरलेले दहा टक्के पुरेसे असू शकतात. काढताना उलटा धोका असतो. एक प्रथिन गेले की शेजारचेही डळमळते. ग्लायकोफोरिन सी पूर्ण नसलेल्या पेशी लंबगोल होतात आणि बॅसिजिन गेले की एमसीटी१ पृष्ठभागावर कमी होते. फ्लो सायटोमीटरवर निदान ग्लायकोफोरिन ए, सी, बँड ३, सीडी४४, सीडी५५ आणि बॅसिजिन एवढ्यांची पातळी प्रत्येक नॉकआउटमध्ये (जनुक काढलेल्या पेशीत) तपासा.

पडद्याचा ताण हा यातला सर्वांत फसवा भाग. डांटू या रक्तगटात ग्लायकोफोरिन ए आणि बी यांचे संकरित प्रथिन असते आणि त्या लोकांना गंभीर मलेरियापासून चांगले संरक्षण मिळते. पहिला अंदाज साहजिकच रिसेप्टर बदलल्याचा. २०२० मध्ये दिसले ते असे की या पेशींचा पडदा जास्त ताणलेला असतो आणि ठरावीक मर्यादेपलीकडे ताण गेला की मेरोझोइट आत जाऊच शकत नाही. तेव्हा पडद्याचा ताण किंवा लवचीकता मोजल्याशिवाय नॉकआउटचा निकाल रिसेप्टरच्या नावे लिहू नये.

कोणत्या पायरीवर अडले

प्रवेश शून्य झाला एवढे कळल्यावर खरा रस इथे आहे. जिवंत पेशींच्या व्हिडिओत प्रवेशाच्या पायऱ्या वेगळ्या दिसतात. आधी मेरोझोइट टेकतो आणि पेशी जोरात दुमडते. मग तो टोकावर वळतो, संपर्काच्या जागी कॅल्शियमची लकाकी उमटते, तो आत सरकतो आणि पेशी काट्याकाट्यांची होऊन आकसते. फ्लुओ-४ (कॅल्शियमने चमकणारा रंग) भरलेल्या पेशी वापरल्या तर लकाकीही टिपता येते.

ईबीए आणि इतर आरएच प्रथिनांची वाट अडवली की दुमडणे मंदावते. आरएच५ किंवा बॅसिजिन अडवले की पेशी दुमडते, पण लकाकी नाही, काटे नाहीत, प्रवेशही नाही. आर१ पेप्टाइडने परजीवीचे एएमए१ हे प्रथिन अडवले की काटे येतात, मेरोझोइट मात्र बाहेरच राहतो. सायटोकॅलॅसिन डीने परजीवीची मोटर बंद केली तर दुमडणे नाही, तरी काटे येतात. हेपरिन सगळ्यांच्या आधी अडवते. तुमच्या नव्या उमेदवाराचा व्हिडिओ यांपैकी कोणाशी जुळतो ते पाहा, म्हणजे त्याची जागा कळते. एएमए१ ज्याला धरते ते आरओएन२ हे प्रथिन परजीवी स्वतःच पेशीच्या पडद्यात रोवतो, त्यामुळे त्या पायरीवर मानवी रिसेप्टर सापडलाच पाहिजे असा आग्रह नको.

व्हिडिओसाठी शायझॉन्ट एमएल१०सारख्या उलटवता येणाऱ्या पीकेजी रोधकाने (पीकेजी हे पेशीतून बाहेर पडायला लागणारे परजीवीचे एन्झाइम) थांबवून ठेवा आणि धुतल्यावर लगेच कॅमेऱ्याखाली न्या. सुटे मेरोझोइट हवे असतील तर शायझॉन्टना १० मायक्रोमोलर ई६४ (पेशी फुटणे रोखणारा प्रोटिएझ रोधक) द्या आणि १.२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून दाबा. ३७ अंशांवर त्यांची शिरण्याची क्षमता आठेक मिनिटांत निम्म्यावर येते, म्हणून लक्ष्यपेशी आधीच वेलमध्ये तयार हव्यात.

व्हायवॅक्स आणि यकृत

प्लाझमोडियम व्हायवॅक्स हा मलेरियाचा दुसरा परजीवी सलग कल्चरमध्ये वाढत नाही आणि फक्त कोवळ्या रेटिक्युलोसाइटांत शिरतो. डफी अँटिजेन नसलेल्या पेशींत माकडांचा मलेरिया परजीवी नोलेसाय शिरत नाही हे १९७५ मध्ये आणि व्हायवॅक्सचेही तसेच आहे हे १९७६ मध्ये दिसले, पण डफी तर जुन्या पेशींवरही असते. रेटिक्युलोसाइटच का, याचे एक उत्तर २०१८ मध्ये आले: व्हायवॅक्सचे आरबीपी२बी हे प्रथिन ट्रान्सफेरिन रिसेप्टर १ला धरते आणि तो पेशी पिकताना झडून जातो. काम करायचे तर सीडी७१ (म्हणजे हाच ट्रान्सफेरिन रिसेप्टर १) वरून चुंबकी मण्यांनी रेटिक्युलोसाइट समृद्ध करा, त्या दिवशीच वापरा आणि रुग्णांकडून आलेल्या परजीवींवर छोटे प्रयोग लावा. डफीच्या वाटेपुरते काम असेल तर मानवी तांबड्या पेशींना सरावलेला नोलेसायचा ए१-एच.१ वाण सोयीचा पडतो.

यकृतपेशींत स्पोरोझोइट (डासाच्या चाव्यातून येणारी परजीवीची अवस्था) शिरताना सीडी८१, एसआर-बी१ आणि ईफए२ या पेशीप्रथिनांची नावे पुढे आली आहेत. इथे पेशीमालिकेची निवडच निकाल ठरवते. हेपजी२ या यकृत पेशीमालिकेत सीडी८१ नसते, तरी उंदरांतला मलेरिया परजीवी बर्घाय तिच्यात शिरतो, कारण तो एसआर-बी१च्या वाटेने जाऊ शकतो. फॅल्सिपेरमला मात्र सीडी८१ लागते. म्हणून प्राथमिक (थेट माणसाच्या यकृतातून घेतलेल्या) मानवी यकृतपेशी घ्याव्यात. शिवाय स्पोरोझोइट मुक्काम करण्याआधी अनेक पेशी भोसकून आरपार जातो. माध्यमात चमकदार डेक्स्ट्रान (अखंड पेशीत न शिरणारी मोठी साखर) घातला की भोसकलेल्या पेशी तो शोषून घेतात आणि मोजणीत वेगळ्या पडतात. परजीवी असलेल्या पण डेक्स्ट्रान नसलेल्या पेशी तेवढ्या प्रवेश म्हणून मोजा, आणि भोसकणे स्वतंत्र स्तंभात लिहा. दोन्ही आकडे सारखेच घसरले असतील तर उमेदवार प्रवेशाचा नसून स्पोरोझोइटच्या हालचालीचा असण्याची शक्यता जास्त.